नेटवर्क संपतं तिथून

देवरी नागपूर-रायपूर हायवेवर आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. हायवेवरच्या ढाब्यावर बसून व्हिडिओ पाहता येतो. पण आमचा माल खपतो तो हायवे सोडल्यावर. चिचगडकडे वळलं आणि जंगल लागलं की फोनमधल्या दांड्या गळायला लागतात. साबण, चहा, बिस्किटं, तेलाचे पाऊच घेणारी दुकानं मात्र तिकडेही आहेत. म्हणून ऑर्डर घेण्यासाठी सेल्समनच्या हातात द्यायचा टॅबलेट निवडताना मी कंपनीचं नाव नंतर बघतो. नेट नसताना हा काय करतो, ते आधी.

याचं उत्तर यंत्रापेक्षा ॲपमध्ये असतं. दर, चालू स्कीम, दुकानाची जुनी बाकी, मागची ऑर्डर, सगळं टॅबलेटमध्येच साठलेलं हवं आणि घेतलेली ऑर्डर नेटवर्क मिळताच आपोआप ऑफिसला जायला हवी. ॲप विकायला आलेला माणूस कितीही गोड बोलला तरी मी त्याला विमान मोड चालू करून एक पूर्ण ऑर्डर घ्यायला सांगतो. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं की चर्चा तिथेच थांबते. दुकानदार चक्राकडे बघत बसत नाही. "भाऊ, भाव सांग ना लवकर, गिऱ्हाईक उभं आहे," म्हणतो आणि साखर तोलायला वळतो.

मग आकार. अकरा इंची पडद्यावर मालाचे फोटो देखणे दिसतात, मालकांना तोच आवडतो. पण सॅमसंगचा अकरा इंची टॅब ए९ प्लस ४८० ग्रॅमचा आहे आणि ८.७ इंची ए९ आहे ३३२ ग्रॅमचा. किराणा दुकानाच्या काउंटरवर बरण्या आणि वजनकाटा यांतून टॅबलेट ठेवायला जागा उरत नाही. सेल्समन तो डाव्या हातात धरून उजव्या हाताने काम करतो, आणि हा दीडशे ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत मनगटाला कळतो. लहान टॅबलेटचा आणखी एक फायदा आहे. तो चटकन वळवून दुकानदाराला दाखवता येतो. दर आणि नग त्याने स्वतः वाचले की माल उतरवताना वाद होत नाही. पूर्वी ऑर्डर बुकातली कार्बन कॉपी त्याच्या हातात राहायची. त्या कागदाची जागा घेणारा मेसेज किंवा छापील चिठ्ठी टॅबलेटमधून निघत नसेल, तर आपण काम सोपं केलं ते फक्त ऑफिसचं.

हवामानाचं गणित वेगळं. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांकडे जातो, आणि आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल स्वतःच सांगतं. लिथियम बॅटरी फार तापली की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. म्हणून गाडीच्या हँडलला लावून उन्हात चार्ज करायची सोय कागदावरच चांगली दिसते. बॅटरी सकाळपासून मुक्कामापर्यंत टिकणारी घ्यावी आणि पॉवर बँक सावलीत, बॅगेत ठेवावी. पावसाळ्यात अडचण दुसरी. आजचे पडदे बोटातून जाणारी वीज ओळखतात. थेंब पडला की त्यालाही बोट समजतात आणि पाच पेट्यांच्या पंचावन्न होतात. आयपी ६८ लिहिलेलं यंत्र धूळ-पाण्यात वाचतं, पण ओल्या पडद्याचा हा गोंधळ त्याने पूर्ण टळत नाही. सुती फडकं बॅगेत हवंच.

सिमकार्डाची जागा असलेलं मॉडेल घ्यावं. नाहीतर नेटसाठी सेल्समनच्या स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लागतो. डेटा त्याचा आणि बॅटरीही त्याचीच. शिवाय आयपॅडच्या नुसत्या वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतं.

जीपीएसचा मुद्दा मात्र जपून हाताळावा लागतो. मालकांना प्रत्येक सेल्समन नकाशावर हलणारा ठिपका म्हणून दिसायला हवा असतो. दुकानाला भेट झाली त्या जागेची नोंद करायला माझी हरकत नाही. पण दिवसभर माग काढणारा टॅबलेट सेल्समनला गळ्यातल्या घंटेसारखा वाटतो, आणि मग तो विकण्यापेक्षा ठिपका हलता ठेवण्यात हुशार होतो. शेवटच्या दुकानानंतर माग बंद व्हावा आणि हे त्याला टॅबलेट हातात देतानाच सांगावं.

हे सगळं दुकानाच्या शोकेससमोर उभं राहून कळत नाही. टॅबलेट घेण्याआधी एखादाच नमुना आणावा, तो सगळ्यात लांबच्या लाइनवर जाणाऱ्या सेल्समनच्या हाती द्यावा आणि त्याच्या मागे गाडीवर बसून जावं. कोणता घ्यायचा हे त्यालाच विचारावं. किंमत ठरवण्याचा हक्क मालकाचा. निवडीचा हक्क ज्याला तो दिवसभर धरायचा आहे त्याचा.