खात्री मागायची नाही

गॅस बंद आहे हे मला डोळ्यांना दिसायचं. रेग्युलेटरचं बटण फिरवलेलं, शेगडी गार. तरी कुलूप लावून जिन्यात आले की छातीत धस्स व्हायचं. बंद केला ना नक्की? मग परत वर, परत कुलूप काढायचं, बटणाकडे बघत तोंडाने ‘बंद, बंद, बंद’ म्हणायचं. पुढे मोबाइलमध्ये बटणाचा फोटो काढून ठेवायला लागले, तर हा फोटो आजचाच कशावरून, अशी नवीन शंका. माझ्या हातून गॅस उघडा राहील, भडका उडेल आणि खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ माझ्यामुळे जाईल, हे चित्र डोळ्यांपुढून हटायचं नाही. त्या बाळाच्या आईशी बोलणंही मी टाळू लागले होते.

आमच्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. सासूबाईंच्या एका आत्यांना सोवळ्याचा होता, दिवसभर हात धुवायच्या, म्हणे. एकेकाचा स्वभाव असतो, असं म्हणून घरादाराने ते सोडून दिलेलं. या आजारात माणसं वर्षानुवर्षं उपचारांशिवाय राहतात ती यामुळेच, असं मला आता वाटतं.

साताऱ्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडी असं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि घाई करू नका म्हणून बजावलं. या आजारात गोळ्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात आणि बऱ्याचदा नैराश्यापेक्षा मात्राही जास्त लागते. गोळ्यांबरोबर मानसोपचारही घ्या, असं त्यांनीच सुचवलं. त्याआधी मी एका समुपदेशकांकडे जात असे. ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “ताई, गॅस बंदच असतो. विश्वास ठेवा.” तिथून निघताना खूप हलकं वाटायचं. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत ते संपलेलं असायचं.

पुण्याच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आधी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. विचारांत किती वेळ जातो, ते थोपवता येतात का, कामावर किती परिणाम होतो, असे प्रश्न आणि एकूण गुण चाळीस. मग आम्ही दोघींनी मिळून भीतीची उतरंड लिहून काढली. बेचैनीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. पंख्याचं बटण न तपासता निघणं तीस. दाराचं कुलूप एकदाच ओढून बघणं पन्नास. सगळ्यात वर, गॅस एकदाच बंद करून, फोटो न काढता, घरात कोणी नसताना बाहेर पडणं. खालच्या पायऱ्या करत करत वर जायचं. या पद्धतीला ईआरपी म्हणतात. भीती वाटते तिथे जाणूनबुजून जायचं आणि मग जी कृती केल्याशिवाय राहवत नाही ती करायची नाही. लंडनच्या एका रुग्णालयात व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये अशा उपचारांचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्यच समजला जाई.

गॅसची पायरी आली तेव्हा सेशन व्हिडिओ कॉलवर होतं. मी ओट्यापाशी फोन टेकवला, चहा केला, बटण एकदाच फिरवलं. फोन घेऊन बाहेर आले, कुलूप लावलं आणि जिन्यात उभी राहिले.

“मॅडम, तुम्हाला दिसलं ना बंद केलेलं?”

“याचं उत्तर मी देणार नाही. आत्ता किती?”

“पंच्याऐंशी.”

“बरं. आता मोठ्याने म्हणा, कदाचित उघडा राहिला असेल, मला नक्की माहीत नाही.”

ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. निघालं तेव्हा जिन्यात गॅसचा वास येतोय असं खरोखर वाटलं. तळव्यांना घाम सुटला. दीर्घ श्वास घेऊ का, विचारलं, तर तोही नको म्हणाल्या. बेचैनी घालवायला काहीही करायचं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन खाली उतरले, ‘काय बाई, किल्ली विसरली का?’ म्हणाले, मी मान हलवली. मॅडम मधूनमधून फक्त आकडा विचारत होत्या. पंच्याऐंशी, नव्वद, बराच वेळ नव्वद. मग सत्तर. मी काहीच केलं नव्हतं आणि बेचैनी आपोआप उतरत होती. दरवेळी अशी उतरेलच असं नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. उतरली नाही तरी ती घेऊन शाळेत जाता येतं, शिकवता येतं, हे अंगवळणी पडायला हवं होतं.

बाळाच्या चित्राबद्दल मी फार उशिरा बोलले. ऐकून मॅडम दचकल्या नाहीत. रॅचमन आणि डिसिल्वा यांच्या 1978 च्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. असे नको ते विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. ती ते सोडून देऊ शकतात, आजारी माणूस त्यांना स्वतःच्या चारित्र्याचा पुरावा समजून बसतो. त्या संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर गेले आणि बाळाला मांडीवर घेतलं.

सगळ्यात कठीण भाग नवऱ्याच्या वाट्याला आला. मी विचारायचं आणि त्याने “हो गं, बंद आहे” म्हणायचं, हे आमचं रोजचं झालं होतं. त्याची ती खात्रीही तपासण्याचाच एक प्रकार होती. मॅडमनी त्यालाही एका सेशनला बसवलं. त्यानंतर रात्री विचारलं की तो म्हणायचा, “हा प्रश्न आजार विचारतोय. उत्तर देणार नाही, पण जागा राहतो.” मी चिडायचे, रडायचे. तो खरंच जागा राहायचा.

मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे पैसे माझ्या पॉलिसीत मिळत नव्हते. दर आठवड्याची फी आम्ही घरखर्चातून काढली. ज्यांना तेवढंही काढता येत नाही त्यांनी काय करावं, याचा मला राग येतो.

परीक्षांच्या दिवसांत शंका अजून जोर धरते. तेव्हा उतरंडीचा कागद काढून मी पुन्हा सराव सुरू करते. यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीत एकच ओळ खोडून खोडून कागद फाटलेला दिसला. त्याच्या आईला एकटीला बोलावून घेतलं. 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर लिहून दिला. तिथे फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. निदान डॉक्टरच करतील, पण ओसीडी निघाला तर उपचार करणाऱ्यांना सरळ विचारा, म्हटलं, तुम्ही ईआरपी करता का? तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि पदराआड धरलेल्या मोबाइलमध्ये लिहून घेतला.