हुलग्याच्या तुकड्यात मेंढरं

पुरंदरात आमच्या विहिरीखालच्या तुकड्यात वर्षानुवर्षं कांद्यावर कांदा घेतला. खताच्या गोण्या वाढत गेल्या आणि पाणी दिलं की माती वर पापडी धरायला लागली. शेवटी सासऱ्यांनी तिथे हुलगा आणि मटकी फोकली. शेंगा धरायच्या नाहीत, कापायचं नाही, उभ्या पाल्यावर मेंढरं चारायची. पाण्याखालची जमीन पडीक टाकली म्हणून गावात बऱ्याच जणांनी नावं ठेवली. मला ती पडीक कधीच वाटली नाही. हुलग्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, मेंढरू पाला खातं आणि रात्री त्याच मातीवर बसतं.

दिवाळी झाली की फलटण-माण भागातले धनगर कोकणच्या वाटेला लागतात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या नि दुबळी कोकरं, मागे काळ्या दख्खनी मेंढ्यांची खांडं. आमच्याकडे उतरलेल्या वाड्यातल्या, म्हणजे धनगरांच्या तळावरच्या, वयस्क मामांशी बोली झाली: बसवणीचे, म्हणजे मेंढरं रात्री रानात बसवण्याचे, थोडे पैसे आणि ज्वारी.

सकाळी मामा बांधावर उकिडवे बसले, हुलग्याच्या पाल्यावरून तळहात फिरवला, धोतराला पुसला आणि म्हणाले, “ताई, दव सुटू द्या. वल्या हुलग्यावर मेंढरू फुगतं.” उन्हं वर आल्यावर पुन्हा हात फिरवून पाहिला. तेव्हाही मेंढरं आधी बांधाच्या सुक्या गवतावर घातली आणि पोटाला आधार झाल्यावरच हुलग्यात सोडली. शेजारी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापलेलं होतं, त्याला कोवळे फुटवे आले होते. तिकडे मात्र एकही मेंढरू जाऊ दिलं नाही. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, पाण्याचा ताण पडला असेल तर जास्तच. पशुवैद्य त्याला हायड्रोसायनिक आम्ल म्हणतात. मामांनी त्यानं मेलेली जनावरं पाहिली आहेत.

अंधार पडायच्या आत वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागायची. कालच्या जागेला लागून आजची जाळी, असा पट्ट्यापट्ट्यानं सगळा तुकडा बसवून झाला. बसवणीची खरी किंमत इथेच आहे. उकिरड्यातलं खत गाडीनं आणून टाकलं तर मूत केव्हाच वाया गेलेलं असतं. इथे लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत जातात. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, मेंढीखतात 3 टक्क्यांच्या आसपास. पहाटे वाघर काढताना डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो उडून चाललेला नत्रच. म्हणून वाडा हलला त्याच दिवशी आम्ही कुळव घातला.

पावसाळ्यात तिथे बाजरी पेरली. युरिया दिला नाही, तरी कणसं बुडख्यापासून शेंड्यापर्यंत भरली.

पूर्वी लोक धान्य देऊन वाडा बोलवायचे. आता पाटपाणी आलं, रानं बारमाही गुंतली, आणि धनगरांकडूनच चराईचे पैसे मागणारे भेटतात. याची मला चीड येते. ज्यांच्या कळपानं रानाला खत मिळतं, त्यांच्याकडून कसले पैसे घ्यायचे?

एक त्रास आहे. वाटेत बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या मेंढरांच्या लेंड्यांतून बी पडतं आणि पावसात रोपं उगवतात. ती बोटभर असतानाच उपटावी लागतात. पुढच्या तुकड्यात हुलगा जास्त, मटकी कमी, आणि फोकणी गणपतीच्या सुमारास करायची, म्हणजे वाडा येईतो पाला कोवळा राहील. मामांनी जाताना तसं बजावून ठेवलंय.