जानापावची चंबळ नागद्याला कामाला लागते

पावसाळ्यात इंदूरच्या मराठी घरांची एखादी तरी सहल जानापावला होते. महूच्या पुढची ती टेकडी, वर परशुरामाचं स्थान, खाली हिरवा माळवा आणि हातात भाजलेला भुट्टा. तिथे उगम पावणारी चंबळ पुढे कुठे जाते, हे बघायला मात्र सहसा कोणी जात नाही. ती उत्तरेकडे वळते आणि नागद्याला पोहोचल्यावर कामाला लागते.

नागदा इंदूरहून उज्जैनमार्गे शंभरेक किलोमीटर. मुंबई-दिल्ली मार्गावरचं जंक्शन म्हणून आपल्याला माहीत असतं. गावाचं पोट मात्र मुख्यतः ग्रासिमवर चालतं. हे नाव 'ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग' या जुन्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आलं. कंपनीची नोंदणी २५ ऑगस्ट १९४७ ची, म्हणजे देश स्वतंत्र होऊन दहाच दिवस झाले होते. नागद्यात १९५४ पासून व्हिस्कोसचा तंतू बनतो. शेजारी कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनही तयार होतो.

माझ्या मावशीच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, तिथे आयुष्यभर शिफ्टची नोकरी केली. आता ते इंदुरात असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांना घेऊन नागद्याला गेलो. गेटच्या आत असं कोणालाही सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग बिर्लाग्रामात चक्कर मारली, बिर्ला मंदिर पाहिलं आणि चहाच्या टपरीवर बसलो. तिथे काकांनी मला अख्खा कारखाना समजावला.

"लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये भिजवायचा, पिळायचा, किसायचा आणि मुरवायचा. मग त्याला कार्बन डायसल्फाइड द्यायचा. नारिंगी चुरा होतो. तो पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट पाक. तोच व्हिस्कोस."

"आणि तंतू?"

"अरे, इंदूरचा ना तू? सेव पाडतात तसा! फक्त सोऱ्याची भोकं केसाहून बारीक, आणि कढईत तेलाऐवजी गंधकाचं ॲसिड."

हा पाक थांबून राहत नाही, ही त्यातली खरी गोम. वेळेत तंतू काढला नाही तर तो नळ्यांतच गोठायला लागतो. म्हणून कारखाना रात्री चालतो, रविवारी चालतो, लक्ष्मीपूजनालाही चालतो. बदली माणूस येऊन नोंदवही वाचून सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. काका रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असत तेव्हा मावशी कुकरची शिट्टीही होऊ द्यायची नाही, हे मला सुट्टीतलं आठवतं. आम्ही मुलं अंगणात खुणांनी भांडायचो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही रात्री-अपरात्री फोन येतात, सर्व्हर पडतात, धावपळ होते. पण बिघडलेला कोड काढून कालचा परत बसवता येतो. काकांच्या मालाला कालचा दिवस नसतो. कॉस्टिक कातडीवर पडलं तर आधी साबणासारखं गुळगुळीत लागतं आणि मग भाजतं. कार्बन डायसल्फाइड इतका ज्वालाग्राही, की वाफेच्या गरम नळीनेही पेटू शकतो. म्हणून तो पाण्याच्या थराखाली साठवतात. त्याचा मज्जातंतूंवर परिणाम होतो हे युरोपातल्या डॉक्टरांना शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. "गळती झाली तर वाऱ्याला आडवं पळायचं आणि उंचावर चढायचं, खड्ड्यात लपायचं नाही," काका म्हणाले. आमच्या ऑफिसातल्या फायर ड्रिलला लोक मोबाइल बघत जिने उतरतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चहानंतर चंबळेच्या पुलावर गेलो. इथे काका जरा गप्प झाले. पाऊस कमी पडला की उन्हाळ्यात पाण्याअभावी उत्पादन थांबवावं लागल्याची वर्षं इथे झाली आहेत. कारखाना नदीवर इतका अवलंबून. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत नागद्यापासून खालची चंबळ आहे, हेही तितकंच खरं. केरळात मावूरला याच कंपनीचा कारखाना होता. चालियार नदीच्या प्रदूषणावरून तिथे वर्षानुवर्षं आंदोलन चाललं आणि २००१ मध्ये तो कायमचा बंद झाला. हजारो पगारही बंद झाले. नदी वाचवायची की पगार, असं विचारणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की सांडपाणी नीट शुद्ध करण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरला, तर प्रश्न इतका वाकडा उरत नाही. रेयॉनचा कुर्ता थोडा महाग पडेल, इतकंच. काकांना हे पटलं. पण "हे गेटबाहेर बोलणं सोपं असतं," असंही ते म्हणाले.

हा विषय आमच्या घरात सध्या नुसता चर्चेपुरता नाही. मावसबहिणीचा मुलगा यंदा केमिकल इंजिनिअरिंगला गेला. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा भोपाळहून बारा कंटेनरांतून पीथमपूरला आला तेव्हा इंदुरातही घराघरांत धास्ती होती, आणि तेव्हापासून 'केमिकल' म्हटलं की बहिणीच्या पोटात गोळा येतो. तिला मुलगा आयटीत हवा होता. माझं उदाहरण दिलं गेलं, त्यामुळे मला मत देण्याची सोयच उरली नाही.

काकांनी मात्र पुलावरूनच नातवाला फोन लावला. सुट्टीत त्याला एका कारखान्यात ट्रेनिंगला जायचंय. जा की नको जाऊ, ते काहीच बोलले नाहीत. "पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचार," म्हणाले. "वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी कुठून दिसते? डोळे धुवायचा नळ कुठे आहे, आणि शेवटचा चालवून कधी बघितला? तिसरं, सांडपाणी कुठे जातं. तिसऱ्याला उत्तर द्यायला कोण पुढे येतं, ते बघून ठेव आणि रात्री मला फोन कर."