मागे कोण आहे?

चाळीत तारवाला शिरला की आधी बायकांचे हात थांबत. तार मुलगा झाल्याची असो की नोकरी लागल्याची, वाचून होईपर्यंत सगळा जिना धरून चाले, कुणीतरी गेलं. पोस्टकार्डाचं तर वाचण्याआधीच कळे. माथ्यावर ‘श्री’ नाही आणि कोपरा फाडलेला. ते घरात येत नसे. उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं, मग एकेकानं मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं. आम्हां पोरांना त्या अवेळच्या आंघोळीचीच मौज वाटे.

बातमी एकच असे, पण तिला विचारायचे प्रश्न वयावर ठरत. पोरं विचारत, “कोण?” कॉलेजातली विचारत, “कशानं?” बाप्ये विचारत, “वय काय होतं?” आणि आज्या विचारत, “मागे कोण आहे?”

१३ डिसेंबर १९८६ ला स्मिता पाटील गेली. वय ३१. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची तेव्हापासून ती आमच्या घरचीच होती. ‘उंबरठा’ पाहून आलेल्या ताया गॅलरीत गळ्यात गळे घालून रडल्या. पदरी लहान पोरं असलेल्या आमच्या आया “माझ्याच बरोबरीची गं” एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर गप्प राहिल्या. आज्यांनी तिचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण बाळ पंधरा दिवसांचं आहे हे कळलं मात्र, त्यांची निवडायची सुपं तशीच राहिली. “ओली बाळंतीण गेली? बाळ कुणापाशी आहे? वरचं दूध सोसतंय ना त्याला?” त्यांनी बाळंतिणीच्या खोलीतून परत न आलेल्या जावा पाहिल्या होत्या, बहिणी पाहिल्या होत्या. आईवेगळी पोरं पदराखाली वाढवली होती. त्या रडत नसत म्हणून आम्हांला कठोर वाटत, आणि तो आमचा अन्याय होता. दुःखाच्या घरी चूल पेटायची नाही, म्हणून पिठलंभात झाकून पहिल्यांदा निघे तो त्यांच्याच घरातून. त्या घरच्या लहानग्यांना त्याच आपल्या खोलीत आणून निजवत.

२००४ च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे पन्नाशीतच गेले. “वय काय होतं?” असं आम्ही पहिल्यांदा विचारलं ते तेव्हा.

तारा २०१३ च्या जुलैत बंद झाल्या. आता बातमी खिशात थरथरते. कुणी चाळिशीतला जिममध्ये कोसळला म्हटलं की आमच्या वयाची माणसं आधी आपली रक्तदाबाची गोळी घेतली का ते आठवतात, मग फोन लावतात. कॉलेजातली पोरं त्याचा फोटो स्टेटसला ठेवतात. त्याला कुणी दिखावा म्हटलं तर मला राग येतो. आमच्या तायांनी स्मिताचं पेपरातलं चित्र कापून, भाताच्या शितानं वहीत चिकटवलं होतं. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत.