निरंक

गौताळा अभयारण्यात नव्या वनरक्षकांना शिकवायला जायचं असलं की मी पिशवीत आधी पंजाचे ठसे घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिस टाकतो. पगमार्कवरून वाघ मोजणं खरं तर बंद झालं आहे. कागदावर वाघ होते आणि जंगलात नव्हते, हे राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००५ साली उघडं पडलं आणि त्या पद्धतीवरचा विश्वासच उडाला. आता ट्रॅप कॅमेरे. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी बांधायची. (समोरचं गवत कापायचं विसरलात, तर चिप भरून गवताचेच फोटो मिळतात.)

तरी मी ठसा घ्यायला लावतोच. ठशासाठी माणसाला अर्धा तास उकिडवं बसावं लागतं, आणि बसला की तो बघायला लागतो. नखं उमटलीत का? उमटली असतील तर बहुधा तरस किंवा कुत्रा. बिबट्या नखं आत ओढून चालतो. तळव्याची मागची कड तीन भागांत दुमडलेली दिसते का? पुढचा पाय की मागचा? मग पुठ्ठ्याची पट्टी गोल लावायची, प्लास्टर इडलीच्या पिठाइतपत सैल कालवायचं आणि कडेनं हळूच सोडायचं. पहिल्यांदा मी ते थेट मधोमध ओतलं होतं. धुळीतला सुरेख पंजा माझ्याच हातानं वाहून गेला, आणि शेजारी उभे असलेले वनमजूर मामा काही न बोलता दुसरा शोधायला निघून गेले.

याच मामांनी पुढे एकदा मला वाचवलं. पाऊस होऊन गेलेला, नाल्याकाठी चांगला पसरट पंजा. माझ्या तोंडात ‘वाघ’ आलाच होता. मामा म्हणाले, “सर, बिबट्याच हाये. चिखलानं मोठा केलाय त्याला.” थोडं पुढे, कडक मातीत, तोच पंजा निम्म्यानं लहान झालेला सापडला.

पण या कामातलं सगळ्यात अवघड शिकवणं वेगळंच आहे. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तेव्हा वनरक्षकाला आपल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत पाच-पाच किलोमीटर चालायचं असतं. इतकं चालून हाती काही लागलं नाही, तर ‘निरंक’ लिहायचं. सरकारी कचेरीत वाढलेल्या आपल्याला हा शब्द फार सोपा वाटतो. खुर्चीत बसूनही लिहिता येतो ना! उलट पोरांना रिकामा रकाना सोसत नाही. कुठे ओरखडा दिसला की बिबट्या लिहून मोकळे. मला दोन्हीचा सारखाच राग येतो. पण खोटा बिबट्या निदान पुढच्या फेरीत तपासता येतो. न चालता लिहिलेलं निरंक कोण तपासणार?

मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात पट्टेवाला वाघ आला. यवतमाळकडून चालत आलेला तरुण नर. १९४० नंतर या भागात पहिलाच, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात बिबट्याची सवय होती, वाघाची नव्हती. ती बातमी वाचताना मला आनंद झालाच, पण आधी आठवले ते वाघाच्या रकान्यातले निरंक. चालून लिहिलेले किती आणि खुर्चीतले किती?

गेल्या उन्हाळ्यातल्या तुकडीत एक नवी वनरक्षक मुलगी होती. पितळखोऱ्याच्या बाजूला चालून दुपारी परतली, पायांना कुसळं चिकटलेली. तिच्या कागदावर सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, पाच किलोमीटर, आणि पुढे : ‘निरंक. वाट खडकाळ. ठसा उमटण्याजोगी माती फक्त दोन ठिकाणी.’ ही शेवटची ओळ मी तिला शिकवली नव्हती. आता पुढच्या तुकड्यांना तोच कागद दाखवतो, प्लास्टर कालवण्याच्या आधी.