दोन भाडी दोन हप्ते फेडतात का?

आम्ही दोघे नवरा-बायको नोकरी करतो, सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. कर्ज फिटलेला एक छोटा फ्लॅट आहे, तो १२ हजारांनी भाड्याने दिला आहे. आता भाड्यासाठीच ४० लाखांचा दुसरा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. प्रश्न पैशाचा आहे, आणि तो आपल्यातल्या अनेक नोकरदार तरुणांचाही आहे.

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे बँकेचे ३२ लाख. उरलेले ८ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून सुमारे ११ लाख आपले. दलाल म्हणतो, "पहिला फ्लॅट तारण ठेवा, ११ लाख काढा. दोन भाडी दोन हप्ते फेडतील."

खरंच फेडतील? ३२ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षे: हप्ता सुमारे २७,८००. तारणाचे ११ लाख, दहा टक्के, १५ वर्षे: ११,८००. एकूण ३९,६००. नव्या फ्लॅटचे भाडे १३ हजार धरले तर दोन्ही भाडी मिळून २५ हजार. दरमहा १४,६०० पगारातून जाणार. मेंटेनन्स, घरपट्टी, रिकामे महिने वेगळेच.

हेच १४,६०० आणि पहिल्या फ्लॅटचे १२ हजार भाडे तीन वर्षे आवर्ती ठेवीत टाकले, तर व्याजासह जवळपास ११ लाख जमतात. मग एकच हप्ता उरतो, आणि दोन भाड्यांनंतर पगारातून तीन हजारही जात नाहीत.

कुणी म्हणेल, तोवर भाव वाढतील. वाढतील, मान्य. मग थोडा छोटा फ्लॅट घेऊ. पण हप्ते थकले तर तारणाचा फ्लॅट बँक लिलावात काढू शकते, त्याचे काय?

आडनाव सांगताच "खोली गेली" हे उत्तर आपल्यातल्या अनेकांनी ऐकले आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटेल, तेव्हा आम्हाला कुणाच्या दारात उभे राहायला न लावणारे घर हा पहिला फ्लॅटच आहे. म्हणून तो आम्ही तारण ठेवणार नाही. तीन वर्षे थांबू.

तुमचाही दलाल "भाडेच हप्ता फेडेल" म्हणत असेल, तर सही करण्यापूर्वी त्याच्यासमोरच ही बेरीज-वजाबाकी कागदावर मांडा.