प्रवासातील पाणी

शाळा सोडून बरीच वर्षे लोटली, तरी आम्हां वर्गमित्रांची भेट झाली की सहलीचा विषय निघतोच. यंदा मात्र तो गप्पांत विरला नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतून मुलाबाळांसह दोन दिवस फिरण्याचा बेत आम्ही तीन कुटुंबांनी आखला. त्यासाठी कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यावी, ही धाकट्यांची सूचना. झोपण्याची जागा, शेगडी, शौचालय, पाण्याची टाकी. सारे घरच चाकांवर!

“पाण्यासाठीसुद्धा कोणाच्या दारात जायला नको,” आमच्यापैकी एकजण समाधानाने म्हणाला. त्याचे वृद्ध वडील शेजारीच बसले होते. “आम्हीही घरचे पाणी घेऊनच निघायचो,” ते शांतपणे म्हणाले, “पण ती हौस नव्हती, बाळा.”

मुलांनी विचारले, “मग काय होते, आजोबा?” त्या प्रश्नातूनच आमच्या सहलीचा मार्ग ठरला.

निघण्यासाठी ७ नोव्हेंबर हा दिवस निवडला. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नोंदले गेले. तेथे वंदन करून मसूर स्टेशन गाठावयाचे. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत वडिलांकडे निघालेला लहानगा भीमराव घरातील मुलांसह याच स्टेशनावर उतरला होता. न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान गाडी देईनात. दुप्पट भाडे देऊन कशीबशी बैलगाडी मिळाली, पण वाटेत पाणी मिळाले नाही. जवळ भरलेला डबा असूनही, पाण्यावाचून, मुले उपाशीच झोपली. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आमच्या मुलांनी ती मसूरच्या फलाटावर उभी राहून ऐकावी, अशी आमची इच्छा आहे.

मुक्काम कराडला. दुसऱ्या दिवशी पहाटे जखिणवाडीजवळच्या आगाशिव डोंगरावरील लेणी पाहावयाची. गाडी पायथ्याशी ठेवून चढ पायीच चढावा लागेल. साठाहून अधिक लेण्यांचा हा प्राचीन बौद्ध समूह राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. विहारांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. आपल्या लेण्यांतील शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि पोढी खोदविणे हे दान मानले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत पाणी देणे पुण्याचे होते, हे मसूरनंतर मुलांना दिसावे, म्हणून हा क्रम.

तेथून सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर. बारमाही पाणी नसलेल्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून वनराई उभी राहिली. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ साली अभयारण्य झाले. आज तेथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. चांदोली राष्ट्रीय उद्यान मात्र पुढील वर्षासाठी राखून ठेवले. त्या घाटवाटांना दोन दिवस पुरणार नाहीत.

राहता राहिला कॅरॅव्हॅनचा प्रश्न. वसतिगृहात आपण सारे एकाच माठाचे पाणी प्यालो. म्हणूनच कदाचित आजोबांच्या बोलण्यातील वेदना आम्हांला उशिरा कळली. बऱ्याच चर्चेअंती ठरले की, गाडी घ्यावयाची, टाकीही भरावयाची. परंतु मसूरला मुलांनी स्टेशनच्या नळावरच पाणी प्यावे, तेही आजोबांना सोबत घेऊन. आणि मुक्कामी गाडीच्या दाराशी एक भरलेली घागर व पेला ठेवावा, येणाऱ्याजाणाऱ्या कोणासाठीही.

आजोबांनी येण्याचे कबूल केले आहे. टाकी कितीही मोठी असो, आपला तांब्या घरी ठेवायला मात्र ते अजून तयार नाहीत. आम्हीही आग्रह धरलेला नाही.